आधी वस्तीचं ऐकावं

धंतोली म्हटलं की नागपूरकराला दवाखाने आठवतात. वर्धा रोड आणि रेल्वे लाइनच्या मधल्या या जुन्या भागात एकेका गल्लीत डॉक्टरांच्या पाट्यांची रांग, खाली औषधांची दुकानं आणि दुकानांसमोर विदर्भातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून आलेले पेशंट. यशवंत स्टेडियम इथलंच. हिवाळी अधिवेशनातल्या मोर्चांमुळे ते साऱ्या राज्याला माहीत आहे. रामकृष्ण मठही इथलाच. लागून काँग्रेसनगर, तिथं धनवटे नॅशनल आणि शिवाजी सायन्स ही कॉलेजं. पलीकडे मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. डॉक्टर, केमिस्ट, प्राध्यापक, कॉलेजची पोरं आणि हातावर पोट असलेली माणसं इथं रोज एकमेकांच्या वाटेवर असतात.

या सगळ्यांच्या वाटेवर पानठेलाही असतो. तिथं प्लास्टिकच्या पन्नीत सुपारीचे बारीक काप, तंबाखू आणि चुना पडतो, पन्नी गुंडाळली जाते आणि फळीवर तळहाताचा जोर लावून घासली जाते. सुपारीला ओल सुटून तंबाखूचा रंग चढला की खर्रा तयार. एक पुडी चार मित्रांत फिरते. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तो द्यायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, पण विदर्भात कित्येक घरांत खर्रा हे व्यसन म्हणून मोजलंच जात नाही. बाप खातो, मामा खातो, मुलगाही खातो. तोंड पुरतं उघडेनासं झालं, तिखटाचा घास लागायला लागला, की मग घर घाबरतं.

तरुणांमधलं व्यसन आणि एचआयव्ही रोखायचं तर विद्यापीठानं आणि वस्तीनं हातात हात घालून काम करावं, हे तत्त्वतः सगळ्यांना मान्य आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे त्याचं एक ठरलेलं रूप झालं आहे. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन, १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन. सकाळी फेरी निघते, घोषणा होतात, पोस्टर स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात, शपथ होते, फोटो अहवालाला जोडले जातात. ते घडवून आणणाऱ्या शिक्षकांची तळमळ खरी असते. पण एवढ्यानं तरुणाचं वागणं बदलत नाही, हे आता पुरतं सिद्ध झालं आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसहून ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस अधिकारी वर्गात जाऊन मुलांना अमली पदार्थांविरुद्ध धडे देत. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, शाळांना आवडला. १९९० च्या दशकात संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की हे धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या व्यसनात जवळजवळ फरक नव्हता.

आपल्याकडे ही दोन्ही संकटं साधारण एकाच वेळी उंबरठ्यावर आली. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकारानं झालेल्या तपासणीत देशातले पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने सापडले. त्याच सुमारास लेखक अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं आणि ब्राऊन शुगरच्या तावडीत सापडलेली पुण्या-मुंबईची मुलं मराठी घरांना पहिल्यांदा दिसली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचटांच्या हातून १९८६ मध्येच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आणि त्याच सुमारास नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेले अभय आणि राणी बंग गडचिरोलीत आले, ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं करायला.

बंग दांपत्य तिथं आरोग्यसेवा आणि संशोधन करायला गेलं होतं. गावांनी मात्र त्यांच्यापुढे दारूचा प्रश्न ठेवला. विशेषतः बायकांनी. दारूनं घर कसं मोडतं हे त्या सांगत होत्या, आणि डॉक्टरांच्या यादीत तो आजार म्हणून नव्हता. मग अभ्यास झाला, गावोगाव बैठका झाल्या, आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. नुसत्या बंदीनं भागत नाही हे पुढं दिसतच होतं. म्हणून २०१६ पासून सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केला. त्यात दारूबरोबर तंबाखूही आला, गावसंघटना आल्या, व्यसन सोडवणारे उपचार आले. राणी बंग यांनी तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं घेतली. शरीर, लैंगिकता, नातं यांबद्दल शास्त्रीय आणि मोकळं बोलणारी. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिकता शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली होती, हे लक्षात घेतलं तर अशा शिबिरांचं मोल कळतं. ज्या वयात प्रश्न पडतात त्या वयात उत्तर देणारं माणूस शाळेत उरलं नव्हतं.

वस्तीनं प्रश्न सांगावा आणि शिकलेल्या माणसांनी त्यामागे जावं, हा क्रम महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं १९२० च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. कामाठीपुऱ्याला खेटून असलेली ती गिरणी कामगारांची, गोदी कामगारांची दाट वस्ती. तिथं काम करताना या कामासाठी शिकलेली माणसं हवीत हे त्यांना जाणवलं, आणि त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. आधी वस्तीतलं घर, मग संस्थेचा वर्ग. नागपुरातही कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये बाळंतिणींसाठी सुरू केलेल्या मातृ सेवा संघानंच पुढं समाजकार्याचं महाविद्यालय काढलं.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोगही मुंबईचाच आहे. साधारण २००१ पासून पुढची काही वर्षं अमेरिकेतलं कनेक्टिकट विद्यापीठ आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी स्थानिक संस्थांबरोबर ईशान्य मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये काम केलं. प्रकल्पाचं नाव ‘रिश्ता’. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन शेन्सुल आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ रवी वर्मा हे त्यातले प्रमुख. हेतू एचआयव्ही रोखण्याचा होता. पण वस्तीतल्या पुरुषांशी बोलायला बसल्यावर दिसलं, की एड्सचा विषय काढला की माणसं गप्प होतात. तो आपला आजार नाही, वाईट चालीच्या लोकांचा आहे, असं त्यांना वाटे. त्यांच्या मनात घर करून बसलेली भीती वेगळीच होती: गुप्तरोगाची. वीर्य जातं, अशक्तपणा येतो, बायकोसमोर मान खाली जाते. या भीतीपोटी ते गल्लीतल्या वैदूकडे, आयुर्वेद-युनानीच्या दवाखान्यात, जाहिरातवाल्या ‘सेक्स स्पेशालिस्ट’कडे पैसे घालवत होते.

एखादा संशोधक या भीतीला अज्ञान म्हणून मोकळा झाला असता. इथं तसं झालं नाही. त्यांनी हीच तक्रार दार म्हणून वापरली. वस्तीतल्या आयुर्वेद, युनानी आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं, की गुप्तरोगाची तक्रार घेऊन माणूस आला तर गोळी देऊन वाटेला लावू नका. त्याच्याशी बोला. दारू किती पितोस, घरी बायकोशी कसं चाललंय, बाहेर संबंध आहेत का, हे आदरानं विचारा. त्या संवादातून लैंगिक आजारांची तपासणी, निरोध आणि दारू असे सगळे विषय निघू लागले. दारू आणि जोखमीचे लैंगिक संबंध यांची सांगडही याच वस्त्यांमधल्या अभ्यासांत ठळक झाली.

नशा आणि एचआयव्ही एकाच वाक्यात का घ्यायचे, याचं उत्तर त्यातच आहे. सरळ वाट सुईची. टोचून नशा करणारे एकच सिरिंज वापरतात तेव्हा विषाणू थेट रक्तात जातो. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत टोचून नशा करणाऱ्यांमध्ये ते शंभरात नऊ आढळलं. दुसरी वाट आडवळणाची, पण त्यावरून जाणारे कितीतरी जास्त. दारूच्या किंवा एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, नशेत माणूस निरोध विसरतो, नको म्हणणाऱ्याचं ऐकत नाही, स्वतः नको म्हणू शकत नाही. तिसरी वाट उपचार सुरू झाल्यावरची: एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या, गोळ्या रोज न चुकता घ्याव्या लागतात, आणि पिणाऱ्याच्या गोळ्या चुकतात. देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, सुमारे ४ लाख. त्यामुळे ही तिसरी वाटही आपल्या राज्यात क्षुल्लक नाही.

व्यसनाचा आकडा याहून मोठा आहे. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात. हुंगण्याची नशा, म्हणजे सोल्यूशन किंवा व्हाइटनर, मोठ्यांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये जास्त निघाली. बाकी कुठल्याच नशेत असं दिसलं नाही.

३८ माणसांमागे एक. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आपण कुठून आणणार? गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेनं याच अडचणीतून वाट काढली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनबरोबर मिळून मानसशास्त्राचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. धोकादायक प्रमाणात पिणारा पुरुष तापासाठी, पाठीसाठी म्हणून आला की त्याच्याशी फार तर चार बैठका. ३७७ पुरुषांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी २६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के. फरक चमत्काराचा नाही. पण तो गावातल्याच, आपल्याच बोलीत बोलणाऱ्या माणसानं घडवला, आणि एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून हे समुपदेशक स्वतःला सुधारत गेले.

याच संस्थेनं बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७० हून अधिक सरकारी माध्यमिक शाळांमध्ये आणखी एक गोष्ट तपासली. काही शाळांत किशोरांच्या आरोग्याचा कार्यक्रम प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकानं चालवला, काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकानं. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांची उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. त्यांच्यावर आधीच ओझं आहे, आणि जो माणूस गुण देतो, घरी फोन करतो, त्याच्याशी मुलगा आपल्या नशेबद्दल बोलेल तरी कसा?

भरवशाचा प्रश्न इथं सगळ्यात आधी येतो. वस्तीतल्या मुलाला वाटतं, बोललो तर पोलीस येतील. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४ अ सांगतं, की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला आला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. हे कलम किती मुलांना, किती पालकांना ठाऊक असेल? तसंच २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं. बाधित विद्यार्थ्याला कॉलेजातून, वसतिगृहातून काढता येत नाही, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, कुणाची स्थिती कुणाला सांगता येत नाही. विद्यार्थी वस्तीत सर्वेक्षणाला पाठवायचे असतील तर आधी त्यांना हे शिकवावं लागेल. प्रश्नावली घेऊन गेलेली मुलगी शेजारच्याच गल्लीत राहते आणि संध्याकाळी मैत्रिणीला सगळं सांगते, असं एकदा जरी झालं तरी ती वस्ती पुढची कित्येक वर्षं विद्यापीठाला दार उघडणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

या विषयात आइसलँडचं नाव निघतंच. १९९८ मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात कधी ना कधी दारूनं झिंगली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. चिमुकला, श्रीमंत देश, त्याची नक्कल नागपुरात होणार नाही. पण त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. विद्यापीठातले संशोधक मुलांची पाहणी करतात आणि थोड्याच आठवड्यांत त्या-त्या शाळेचे, त्या-त्या भागाचे आकडे तिथल्याच पालकांसमोर ठेवतात. देशाची सरासरी ऐकून कुणी जागचं हलत नाही. आपल्या मोहल्ल्यातली मुलं काय करतात हे कळलं की पालक खुर्ची पुढं ओढतात. तिथं त्यातूनच ठरलं, की मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहायचं नाही आणि पालिकेनं खेळाच्या, संगीताच्या वर्गांसाठी घरांना पैसे द्यायचे. आपल्याकडे समाजकार्याच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जमवलेली वस्त्यांची माहिती प्रबंधात बांधली जाते आणि ग्रंथालयात जाते. ती वस्तीच्या बैठकीत मोठ्यानं वाचली जायला हवी.

नागपुरात मनुष्यबळ आणि वेळ दोन्ही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यावे लागतात आणि सात दिवसांचं शिबिर करावं लागतं. याच योजनेनं १९९१ मध्ये ‘युनिव्हर्सिटीज टॉक एड्स’ ही मोहीम देशभरातल्या विद्यापीठांत नेली होती. पुढं कॉलेजांत रेड रिबन क्लब आले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात समाजाशी जोडून घेणाऱ्या कामाला आणि क्षेत्रप्रकल्पाला आता श्रेयांक आहेत. म्हणजे हे काम करणाऱ्या मुलाला गुणपत्रिकेतही जागा मिळाली. अडचण एवढीच, की दत्तक घेतलेलं गाव बहुतेक वेळा शहराबाहेर असतं आणि सात दिवसांनी बस परत येते. कॉलेजच्या कुंपणाला लागून असलेली वस्ती दत्तक घ्यायचं फारसं कुणाला सुचत नाही.

तिथं जायचं तर खर्र्यापासून सुरुवात करावी. मुंबईत गुप्तरोगाची तक्रार जे करू शकली, ते विदर्भात खर्रा करू शकेल. तोंडात तीन बोटं उभी जातात का, ही सोपी तपासणी दंत महाविद्यालयाचे विद्यार्थी शिबिरांत करतातच. ज्याची दोनच बोटं जातात, तो वीस-बावीस वर्षांचा तरुण त्या क्षणी खरोखर ऐकायच्या तयारीत असतो. त्याला भाषण नको असतं. कुठं जायचं, किती दिवसांत फरक पडेल, मित्रांना कसं नाही म्हणायचं, एवढं हवं असतं. ही बैठक तीन-चारदा झाली, तेच माणूस समोर असलं, की दारूची गोष्ट निघते, नशेच्या गोळ्यांची निघते, आणि संबंधांचीही.

गोळ्यांच्या बाबतीत तर धंतोलीचं महत्त्व वेगळंच आहे. झोपेच्या, वेदनाशामक अशा कित्येक सवय लावणाऱ्या औषधांसाठी केमिस्टला २०१४ पासून स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि वही तीन वर्षं जपायची. इतकी औषधांची दुकानं जिथं एकमेकांना लागून आहेत, तिथला केमिस्ट चुकीच्या चिठ्ठीवर वारंवार येणारा पोरगा सगळ्यांच्या आधी ओळखतो. सध्या तो त्याला फार तर हाकलून देतो. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातले विद्यार्थी आणि हे दुकानदार एकत्र बसले, तर हाकलण्याऐवजी दुसरं काय करता येईल हे ठरवता येईल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे सरकारी हेल्पलाइनचे नंबर काउंटरवर लावायला तर कुणाची परवानगीही लागत नाही.

या विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. हातात खंजिरी घेऊन व्यसनाविरुद्ध गावोगाव फिरलेला हा माणूस एका गावात एकदाच बोलून मोकळा होत नसे. गावात माणसं जोडून, सेवामंडळं उभी करून तो पुढं जाई.

विद्यार्थी मात्र जातात. मार्च लागला की परीक्षा, मग सुट्टी, मग नवी तुकडी; आणि उन्हाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांत वस्तीतल्या मुलांना सोबतीची गरज सर्वाधिक असते. म्हणून वर्षभर तिथंच असणारं, वस्तीतलंच एखादं माणूस मानधनावर नेमावं लागेल. दर जुलैत येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना ते घरं दाखवील, मागच्या तुकडीनं कुणाला काय शब्द दिला होता ते सांगेल. त्याची बसायची जागा महापालिकेच्या दवाखान्यात असावी, जिथं माणसं खोकल्यासाठी, तापासाठी तशीही येतात आणि आत शिरताना कुणी का आलं असेल याचा अंदाज बांधत नाही. मानधन विद्यापीठानं द्यायचं की महापालिकेनं, हे दोघांनी जून उजाडायच्या आत एका टेबलावर बसून ठरवायला हवं.